पाण्याखालील पहिला धडा

भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यात वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या काठी वाढणाऱ्या मुलांना पोहणे शिकविण्यासाठी कोणी वर्ग भरवीत नाही. मासेमारी करणारा ढिवर आपल्या मुलाला घेऊन पाण्यात उतरतो. बापाच्या खांद्याचा आधार हळूहळू सुटतो, मुलगा तरंगू लागतो आणि एके दिवशी बुडी मारतो. बुडी थोडी खोल गेली, की त्याच्या कानांत कळ येते. ही कळ का येते, माणूस याहून पुष्कळ खोल गेला तर त्याच्या शरीराचे काय होते आणि तेथून तो सुखरूप वर कसा येईल, या प्रश्नांची शास्त्रीय उत्तरे शोधणाऱ्यांमध्येही एक पिता आणि एक पुत्र होते. जॉन स्कॉट हॉल्डेन हे पिता आणि जे. बी. एस. हॉल्डेन हे पुत्र. पुत्राचा जन्म इंग्लंडात झाला; परंतु त्याने अखेरचा श्वास घेतला तो भारतात, भारताचा नागरिक म्हणून.

पिता जॉन स्कॉट हॉल्डेन यांचा जन्म १८६० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. ऑक्सफर्ड येथे राहून त्यांनी श्वसनक्रियेच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. त्या काळी कोळशाच्या खाणींत वारंवार स्फोट होत आणि शेकडो मजूर प्राणास मुकत. हे मजूर भाजून मरतात, असा सर्वसाधारण समज होता. हॉल्डेन यांनी खाणींत उतरून मृतदेहांची तपासणी केली आणि पुष्कळांचा बळी कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने घेतला आहे, हे १८९६ मध्ये दाखवून दिले. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. त्याचा परिणाम कसा होतो हे पाहण्यासाठी त्यांनी तो स्वतः हुंगला. जे संकट मजुरांवर येते त्याची पारख आधी आपल्या देहावर करावी, हा त्यांचा नेम होता.

पुत्र जॉन याचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. घरी त्याला जॅक म्हणत. हॉल्डेन आपल्या मुलाला लहानपणापासून कामावर बरोबर नेत. एकदा एका खाणीत त्यांनी त्याला उभे राहून शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझर नाटकातील अँटनीचे भाषण म्हणावयास सांगितले. जॅकने भाषणाला प्रारंभ केला. पण थोड्याच वेळात त्याला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीशी येताच त्याला पुन्हा नीट श्वास घेता येऊ लागला. खाणीतील ज्वलनशील वायू हवेपेक्षा हलका असल्यामुळे छताशी साचतो, हा धडा त्याला त्या दिवशी जो मिळाला, तो पुढे कधीही विसरला नाही.

१९०५ मध्ये ब्रिटिश नौदलाने खोल पाण्यातील बुडीच्या अभ्यासाकरिता एक समिती नेमली. तिचे शास्त्रीय काम हॉल्डेन यांच्याकडे आले. त्या काळचा पाणबुड्या रबरी कापडाचा पोशाख चढवी, डोक्यावर तांब्याचे शिरस्त्राण घाली आणि पायांत शिशाचे जड तळ असलेले बूट घालून पाण्यात उतरे. नावेवरील माणसे पंप चालवून नळीतून त्याला हवा पुरवीत. या पोशाखाने खोल जाणे शक्य झाले होते. परंतु वर आल्यावर काही पाणबुड्यांच्या सांध्यांत असह्य वेदना होत, काही लुळे पडत, तर काही मरण पावत. पाण्याखाली धडधाकट असलेला माणूस उघड्या हवेत आल्यावर का मरावा, हेच कोडे होते.

दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. कानांत येणारी कळ ही या वाढत्या दाबाचीच पहिली सूचना असते. या दाबाखाली श्वासाबरोबर आत घेतलेला नायट्रोजन वायू रक्तात आणि शरीराच्या निरनिराळ्या भागांत विरघळतो. पाणबुड्या सावकाश वर आला, तर हा वायू फुप्फुसांवाटे निघून जातो. तो घाईने वर आला, तर सोड्याच्या बाटलीचे बूच उघडताच बुडबुडे उसळावेत, तसे त्याच्या रक्तात बुडबुडे होतात आणि रक्ताचा मार्ग अडवितात. हॉल्डेन यांनी लंडनमधील एका संस्थेत पोलादी कोठीत बकऱ्यांना ठेवून प्रयोग केले. एकूण दाब निम्म्यावर येईपर्यंत शरीराला सहसा अपाय होत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे ३० मीटर खोलीवरून, जेथे दाब ४ वातावरणांइतका असतो, पाणबुड्याने १० मीटरपर्यंत यावे. तेथून पुढे मात्र टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत वर यावे. पृष्ठभाग जसजसा जवळ येतो, तसतसा थांबण्याचा काळ वाढतो. मोकळी हवा समोर दिसत असता धीर धरणे, हेच या विद्येतील सर्वांत अवघड काम होय.

१९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर या नियमाची प्रत्यक्ष परीक्षा झाली. नौदलाचे दोन पाणबुडे २१० फूट खोल जाऊन सुखरूप परतले. त्या वेळी हॉल्डेन कुटुंबही तेथे होते. तेरा वर्षांच्या जॅकलाही पाण्याखाली जाऊ देण्याचे त्याच्या वडिलांनी ठरविले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा होता. मनगटाशी तो घट्ट बसेना. सुमारे ४० फूट खोल गेल्यावर बाहीतून थंडगार पाणी आत शिरू लागले आणि पोशाखात वर वर चढू लागले. आरडाओरडा करून तेथे उपयोग नव्हता. जॅकने शिरस्त्राणातील हवेचे प्रमाण झडपेने सांभाळून पाणी तोंडापर्यंत येऊ दिले नाही. वर काढले तेव्हा तो गारठून गेला होता. पण घाबरलेला नव्हता.

पित्याने मुलाला असे संकटात लोटावे काय, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. आज कोणीही जाणता शिक्षक बेमापाच्या पोशाखात मुलाला पाण्यात उतरविणार नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र या पित्याने ज्या वाटेवर मुलाला नेले, तिच्यावर तो स्वतः आधी चालला होता.

१९०८ मध्ये हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणबुड्यांनी वर येण्याचे वेळापत्रक प्रसिद्ध केले. पुढे १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, जर्मन सैन्याने क्लोरीन वायूचा प्रयोग केला तेव्हा पिता फ्रान्समध्ये गेला आणि आघाडीवर लढत असलेल्या पुत्राला त्याने बोलावून घेतले. बंद खोलीत क्लोरीन सोडून दोघेही आळीपाळीने आत गेले आणि सैनिकांसाठीचे मुखवटे त्यांनी पारखून पाहिले.

१९३६ मध्ये पिता वारला. त्याचा नेम मात्र पुत्राने पुढे चालविला. जे. बी. एस. हॉल्डेन तोपर्यंत लंडन येथे प्राध्यापक झाले होते आणि आनुवंशिकीच्या गणिती अभ्यासाने जगात प्रसिद्धी पावले होते. १ जून १९३९ रोजी थेटिस नावाची ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी लिव्हरपूलजवळ बुडाली. तिच्यातील ९९ माणसे दगावली. केवळ ४ वाचली. मृतांत अनेक कारागीर होते. त्यांच्या संघटनांनी हॉल्डेन यांना या मृत्यूंचे कारण शोधण्यास सांगितले. तेव्हा ते चार साथीदारांसह बंद पोलादी कोठीत तासन् तास बसले आणि उच्छ्वासाने दूषित झालेली हवा माणसाला कशी निकामी करते, हे त्यांनी अनुभवाने जाणले. पुढे त्यांनी नौदलासाठी वाढत्या दाबाचे आणि थंडीचे अनेक प्रयोग केले. प्राणवायू हा जीवनाचा आधार खरा. परंतु मोठ्या दाबाखाली शुद्ध प्राणवायूही विषासमान होऊन झटके आणतो. अशाच एका झटक्यात हॉल्डेन यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि ते दुखणे त्यांना जन्मभर पुरले.

१९५७ मध्ये ते भारतात आले. प्रथम कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आणि १९६२ पासून भुवनेश्वर येथे त्यांनी काम केले. त्यांनी भारतीय पोशाख आणि शाकाहार स्वीकारला व येथील नागरिकत्वही घेतले. महागड्या उपकरणांवाचूनही शास्त्राची सेवा करता येते, असे ते तरुणांना शिकवीत. नारळाच्या झाडाची पाने डावीकडे वळतात की उजवीकडे, हे बागेत मोजणे हाही त्यांच्या दृष्टीने अभ्यासच होता.

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवर वाहून नेण्याजोगे श्वसनयंत्र तयार केले आणि पाणबुड्याची नळी सुटली. आज मालवणजवळ तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग शिकविले जाते. यंत्र बदलले, पोशाख बदलला. पण सावकाश वर येण्याचा नियम टळलेला नाही. पाणबुड्याच्या मनगटावरील छोटा संगणक आज जो हिशेब करतो, त्याचा पाया जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीच घातला आहे.

१ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे जे. बी. एस. हॉल्डेन कर्करोगाने निधन पावले. जो देह त्यांनी खाणीतील वायूला, समुद्राच्या थंडीला आणि पोलादी कोठीतील दाबाला सामोरा नेला होता, तो त्यांच्या इच्छेनुसार आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला.