गाठीच्या तापावरची लस आणि हाफकिनसाहेब

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरायला जाणारे शेकड्यांनी आहेत. या जागेला हे नाव का पडलं, असं विचारलं तर बरेच जण खांदे उडवतात. इथं एके काळी देवीची लस तयार व्हायची. देवीची लस निदान लोकांच्या ओळखीची तरी होती. गाठीच्या तापावरची, म्हणजे प्लेगची लस ज्याने शोधली, त्या वाल्डेमार हाफकिनला मात्र लोकांना पटवायलाच निम्मं आयुष्य घालवावं लागलं.

हाफकिनचा जन्म 1860 सालचा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. ज्यू घराणं, त्यामुळे त्या रशियन राजवटीत शिकूनही नोकरीचे दरवाजे बंद. शेवटी पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला, तो ग्रंथालयातल्या कामावर. मोकळ्या वेळात प्रयोगशाळेत बसून त्याने पटकीवर (कॉलऱ्यावर) लस तयार केली आणि जुलै 1892 मध्ये पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी तो कलकत्त्याला आला आणि तिथल्या वस्त्यांत लस टोचत फिरला.

1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला तेव्हा सरकारने त्याला तिकडे धाडलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्यावर काम सुरू झालं. मटणाच्या रसात जंतू वाढवायचे, मग तापवून मारायचे आणि ते मेलेले जंतू टोचायचे, अशी रीत. रस बकऱ्याच्या मटणाचा घेतला, कारण गाय किंवा डुक्कर म्हटलं की हिंदू आणि मुसलमान दोघेही लांब गेले असते. गंमत म्हणजे जंतू नीट वाढावेत म्हणून वर साजूक तुपाचे थेंब सोडायचे! 10 जानेवारी 1897 ला त्याने ही लसही आधी स्वतःलाच टोचली. ताप भरला, दुखलं, पण काही दिवसांत माणूस ठणठणीत.

इकडे गावात काय चाललं होतं? दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, तिथं माणसं उलटी टांगून मोमियाई काढतात, अशी आवई होती. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्लाही केला. लोकांना नुसतं अडाणी म्हणून सोडून देणं मला पटत नाही. घरात सोजीर घुसवून बायामाणसांची तपासणी करणारं सरकार आणि सुई घेऊन आलेला डॉक्टर, यांत फरक करायचा कसा? पुण्यात त्याच रागातून रँडचा खून झाला. त्या वातावरणात हाफकिन सक्ती नको म्हणत राहिला. मुंबईत तरुण आगाखानांनी चारचौघांत स्वतःला टोचून घेतलं, तेव्हा त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. आपल्या बाजूला हुबळीतही 1898 च्या साथीत हजारोंनी टोचून घेतलं.

मी कॉमर्सचा विद्यार्थी, म्हणून मला हाफकिनचा हिशेब सगळ्यात आवडतो. फेब्रुवारी 1898 मध्ये बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात त्याने घराघरात काही माणसं टोचली आणि काही तशीच ठेवली. म्हणजे एकच छप्पर, एकच चूल, एकच हवा. पुढे 28 घरांत प्लेग शिरला. त्या घरांतल्या न टोचलेल्या 64 जणांपैकी 27 आजारी पडले आणि 26 मेले. टोचलेल्या 71 जणांपैकी 8 आजारी पडले आणि 3 मेले. ते तीन मेले, हे त्याने लपवलं नाही. लस म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. शिवाय तिचा असरही काही महिनेच टिकायचा.

आणि मग मुल्कोवाल. पंजाबातल्या या गावात 30 ऑक्टोबर 1902 ला 107 जणांना लस टोचली. त्यांतल्या एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने मेले. लशीत कार्बोलिक घालायची जुनी पद्धत हाफकिनने बदलून फक्त तापवण्यावर भर दिला होता. तेवढ्यावरून चौकशीने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. त्याला कामावरून दूर केलं. खरं तर बाटली उघडताना गावात चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू आधीपासूनच आत असते तर बाटली उघडताच घाण वास आला असता, तसा आला नव्हता. मलेरियाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ 1907 मध्ये लंडनच्या टाइम्समधून जाहीरपणे त्याच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे सरकार नमलं. पाच वर्षं गेली. परत आला तो कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्याला पुन्हा मिळाली नाही.

2021 मध्ये आमच्या आत्याने कोरोनाची लस घ्यायला नकार दिला होता. शेजारच्या बाईला लशीनंतर ताप आला, म्हणजे रोगच टोचला, असं तिचं म्हणणं. मी तिला उंढेऱ्याचे आकडे सांगितले, ते तिने ऐकूनच घेतले नाहीत. हाफकिनलाही आधी ताप आला होता म्हटल्यावर मात्र तिने विचारलं, मग किती दिवसांनी उतरला? दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन गेलो.

हाफकिनने लग्न केलं नाही. शेवटची वर्षं धर्मचिंतनात आणि ज्यू पाठशाळांना मदत करण्यात गेली. 1925 मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळालं. 1930 मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी वारला. 1964 मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं.