थुंब्याचा किनारा जगाला खुला करणारे डॉ. विक्रम साराभाई

सिरुसेरी (चेन्नई) : चेन्नईच्या दक्षिणेस, सिरुसेरीपासून जवळच असलेल्या तिरुविडंदई किनाऱ्यावरून २४ ऑगस्ट २०२४ रोजी ‘रूमी-१’ हा खासगी अग्निबाण फिरत्या प्रक्षेपकावरून आकाशात झेपावला. लहान अग्निबाणांची ही भारतीय परंपरा केरळमधील थुंबा या मच्छीमार गावात सुरू झाली. तेथील तळ उभारणारे डॉ. विक्रम साराभाई यांनी तो भारतापुरता मर्यादित न ठेवता सर्व राष्ट्रांच्या वैज्ञानिकांना खुला केला होता.

अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल आणि सरलादेवी यांच्या पोटी १२ ऑगस्ट १९१९ रोजी विक्रम यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये शिकत असताना दुसरे महायुद्ध सुरू झाल्याने ते मायदेशी परतले आणि बंगळुरू येथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. १९४२ मध्ये नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४७ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवल्यावर त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली.

चुंबकीय विषुववृत्ताच्या वर सुमारे १०० किलोमीटर उंचीवर विद्युतप्रवाहाचा एक पट्टा वाहतो. बलून तेथवर पोहोचत नाहीत आणि उपग्रह त्याहून वर फिरतात. त्याचे प्रत्यक्ष मापन लहान अग्निबाणच करू शकतात. थुंबा नेमके या विषुववृत्तालगत वसले आहे. प्रगत राष्ट्रांकडे अग्निबाण होते, भारताकडे जागा होती. ही जागा देऊन तंत्र शिकून घ्यावे, हे साराभाईंचे धोरण होते.

१९६२ मध्ये डॉ. होमी भाभा यांच्या पाठबळाने अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती साराभाईंच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. जागेच्या शोधात कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस त्यांचे सहकारी होते. स्थानिक ख्रिस्ती समाजाने आपले चर्च या कार्यासाठी दिले आणि तेथेच कार्यालय सुरू झाले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडाला. अग्निबाण अमेरिकेचा, त्यातील उपकरणे फ्रान्सची आणि किनाऱ्यावरील हेलिकॉप्टर सोव्हिएत संघाचे होते. क्युबातील क्षेपणास्त्रांवरून या दोन महासत्ता युद्धाच्या उंबरठ्यावर आल्याला तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते.

जागा देण्यामागचा हेतू लवकरच फळास आला. २० नोव्हेंबर १९६७ रोजी अवघ्या ७५ मिलिमीटर व्यासाचा स्वदेशी ‘रोहिणी’ अग्निबाण थुंबा येथून उडाला. २ फेब्रुवारी १९६८ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हा तळ संयुक्त राष्ट्रांना समर्पित केला. गरीब देशाला अंतराळाचा छंद परवडेल काय, या आक्षेपाला साराभाईंनी शिक्षण, हवामान आणि दळणवळण यांच्या योजनांनी उत्तर दिले. १५ ऑगस्ट १९६९ रोजी ‘इस्रो’ची स्थापना झाली.

मात्र भारताचा उपग्रह पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, थुंब्यापासून जवळच कोवलम येथे त्यांचे निधन झाले. भारतीय अग्निबाणाने उपग्रह कक्षेत नेला तो १८ जुलै १९८० रोजी.

आता तामिळनाडूतील कुलशेखरपट्टिणम येथे लहान उपग्रह प्रक्षेपकांसाठी तळ उभा राहत असून त्याची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. खासगी कंपन्यांनाही तो वापरता येणार आहे. सोबतीने वापरल्याने तळ दुबळा न होता ज्ञान वाढते, हा थुंब्याचा धडा तेथे पुन्हा उपयोगी पडणार आहे.