शिष्यांतून गुरू घडवणारे संत जॉन बॉस्को

३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. युवकांचे पिता म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. परंतु युवकांची सेवा करणारे कार्यकर्ते त्यांनी युवकांमधूनच घडवले, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

१६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या वाडीत त्यांचा जन्म झाला. वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच त्यांचे पितृछत्र हरपले. १८४१ साली गुरुदीक्षा झाल्यावर, वयाने चारच वर्षांनी मोठे असलेले त्यांच्या गावचे फादर जोसेफ काफासो यांनी त्यांना तुरिन शहरात बोलावून घेतले. काफासो त्यांना आपल्याबरोबर तुरुंगात नेत. तेथे कोवळी मुले सुटून पुन्हा पुन्हा गजाआड येताना पाहून डॉन बॉस्को यांना आपल्या सेवेची दिशा सापडली.

१८४६ साली वाल्डोक्को येथील एका साध्या छपरीत त्यांच्या कार्याला स्थिर जागा मिळाली. मुले शेकड्यांनी येऊ लागली, शिकवणार कोण? १८४८ च्या राजकीय धामधुमीत मदतीला येणारे अनेक धर्मगुरू दुरावले. तेव्हा त्यांनी होतकरू मुले निवडली आणि त्यांना स्वतः विनामूल्य शिकवले. अट एकच : शिकलेले इतरांना शिकवायचे. (बाहेरून वक्ते आणून युवक शिबिरे उरकणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना हे थोडे टोचावे.)

मिकेले रुआ हा त्यांपैकीच एक, विधवेचा मुलगा. लहानपणी डॉन बॉस्को यांनी त्याच्यापुढे डावा हात धरला आणि उजव्या हाताने तो मधोमध कापल्याची खूण केली. सर्व काही आपण दोघे निम्मे-निम्मे वाटून घेऊ, हा तिचा अर्थ त्याला पुढे कळला. २६ जानेवारी १८५४ रोजी चौघा तरुणांना डॉन बॉस्को यांनी सालेशियन हे नाव दिले. त्यांतील दोघे पुढे निघून गेले, रुआ आणि काल्येरो मात्र टिकले. १८ डिसेंबर १८५९ रोजी संस्था स्थापन झाली, तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या रुआ यांच्याकडे आध्यात्मिक मार्गदर्शकाचे पद आले.

१८६३ साली मिराबेल्लो येथे तुरिनबाहेरची पहिली शाळा निघाली आणि सव्वीस वर्षांचे रुआ तिचे प्रमुख झाले. त्यांना लिहिलेल्या पत्रात डॉन बॉस्को यांनी तत्त्वज्ञान सांगितले नाही. रात्री सहा तास तरी झोप घ्यावी, खाण्यापिण्यात देहदंड करू नये, मुलांच्या खेळाच्या वेळी त्यांच्यात मिसळावे, अशा वडीलकीच्या सूचना त्यात होत्या. पुढे हेच पत्र सर्व सालेशियन प्रमुखांसाठी मार्गदर्शक ठरले.

काल्येरो यांनी १८७५ साली पहिले मिशनरी पथक अर्जेंटिनाला नेले. ३१ जानेवारी १८८८ रोजी डॉन बॉस्को प्रभूघरी गेले आणि संस्थेची धुरा रुआ यांच्याकडे आली. त्यांच्याच कारकिर्दीत, १९०६ साली, पहिले सालेशियन भारतात आले आणि भोसले राजांच्या तंजावर नगरीत कार्याला लागले.