दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर

६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. सन १८३२ मध्ये याच दिवशी मुंबईत ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. तो काढणारे बाळशास्त्री जांभेकर तेव्हा जेमतेम विशीचे होते. त्यांची कीर्ती संपादक म्हणून झाली. परंतु त्यांचा पिंड शिक्षकाचा होता. वृत्तपत्र ही त्यांच्या दृष्टीने एक मोठी शाळाच होती.

बाळशास्त्रींचा जन्म सन १८१२ मध्ये कोकणातील पोंभुर्ले या गावी झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात आहे. त्यांचे वडील गंगाधरशास्त्री हे पुराण सांगण्यात निपुण होते. मराठी व संस्कृत यांचा पाया बाळशास्त्रींनी घरीच त्यांच्यापाशी घातला. पुढे ते इंग्रजी शिकण्यासाठी मुंबईस आले. तेथे मुलांसाठी मराठी पुस्तके लिहिणारे बापू छत्रे यांचा आधार त्यांना लाभला. तल्लख बुद्धी आणि अविरत परिश्रम यांच्या बळावर त्यांनी थोड्याच वर्षांत इंग्रजी आणि गणित यांत प्रावीण्य मिळविले. देशी व परदेशी अशा अनेक भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. सन १८३४ मध्ये ते एल्फिन्स्टन संस्थेत सहायक प्राध्यापक झाले.

‘दर्पण’ची मांडणी मोठी अर्थपूर्ण होती. प्रत्येक पानावर दोन स्तंभ असत. एकात मराठी मजकूर, तर शेजारच्या स्तंभात इंग्रजी. मराठी वाचकास जगातील नवे ज्ञान कळावे आणि इंग्रज राज्यकर्त्यांस येथील लोकांचे म्हणणे समजावे, असा त्यामागील हेतू होता. आरंभी हे पत्र पंधरा दिवसांनी निघे; त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून ते साप्ताहिक झाले. विधवांच्या पुनर्विवाहासारख्या नाजूक प्रश्नाचीही चर्चा त्यात होत असे. दर्पण म्हणजे आरसा. आरसा कोणाची स्तुती करीत नाही आणि निंदाही करीत नाही. जे आहे ते दाखवितो. समाजापुढे असा आरसा धरण्याचे काम बाळशास्त्रींनी साडेआठ वर्षे केले.

‘दर्पण’ बंद होण्याच्या सुमारास, सन १८४० मध्ये, त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे पहिले मराठी मासिक सुरू केले. भूगोल, इतिहास, रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान अशा विषयांवरील लेख त्यात येत. वर्गातील चार भिंतींआड जे शिकविले जाई, ते या मासिकाने गावोगावच्या वाचकांसाठी मोकळे केले.

बाळशास्त्री केवळ लिहून थांबणारे नव्हते. सन १८४३ मध्ये मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या श्रीपत शेषाद्री नावाच्या ब्राह्मण मुलास जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद उठला. बाळशास्त्रींनी त्या मुलाची बाजू घेतली. त्यापायी सनातनी लोकांचा रोष आणि बहिष्कार त्यांना सोसावा लागला. पण ते मागे हटले नाहीत.

एक शिक्षक शिकवून शिकवून किती मुलांना शिकविणार? चांगले शिक्षक तयार केले, तर मात्र ते हजारोंना शिकवितील. सन १८४५ मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी मुंबईत अध्यापनवर्ग निघाला, तेव्हा त्याची धुरा बाळशास्त्रींकडे आली. त्याच वर्षी त्यांनी ज्ञानेश्वरीची पहिली शिळाछाप प्रत प्रसिद्ध केली. परंतु पुढच्याच वर्षी, सन १८४६ च्या मे महिन्यात, तापाने त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यांना अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य लाभले.

त्यांचे कार्य मात्र थांबले नाही. त्यांचे तरुण सहकारी भाऊ महाजन यांनी सन १८४१ मध्येच ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक काढले होते. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ त्यातूनच लोकांपुढे आली. बाळशास्त्रींचे विद्यार्थी दादाभाई नौरोजी हे पुढे एल्फिन्स्टनमध्येच गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांनीही सन १८५१ मध्ये ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र सुरू केले. गुरूने हाती दिलेली लेखणी शिष्यांनी अशी पुढे चालविली.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या शाळेतही भित्तिपत्रक किंवा हस्तलिखित निघत असेल. तोही एक लहानसा दर्पणच होय. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांचेच पाहा. शहापुरातील तानसा व भातसा धरणांचे पाणी मुंबईस जाते आणि त्याच तालुक्यातील काही पाड्यांवर उन्हाळ्यात आयाबहिणींना हंडे घेऊन दूरवर चालावे लागते. तेथील एखाद्या मुलीने पाड्यावर जाऊन चौकशी केली, अंतर मोजले, हंडे मोजले आणि जे पाहिले तेवढेच लिहिले, तर ते खरे वृत्त होईल. तिच्या शिक्षकांनी प्रत्येक आकडा पुन्हा तपासावयास लावावा, ऐकीव मजकूर खोडावयास सांगावे आणि मजकूर खरा ठरला, की कोणी काही म्हटले तरी तिच्या पाठीशी उभे राहावे. तसेच त्या शिक्षकांच्या पाठीशी शाळेने आणि गावाने उभे राहिले पाहिजे. शिक्षकाचा आधार तुटला, तर मुलांची लेखणी भिऊन जाते. बाळशास्त्रींचे स्मरण करावयाचे, तर ते अशा निर्भय आणि सत्यनिष्ठ लेखणीनेच केले पाहिजे.