देवराज अर्स : मनोरुग्णांसाठी संस्था, उपेक्षितांसाठी आधार

हुणसूर : कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री डी. देवराज अर्स यांचे नाव प्रामुख्याने जमीन सुधारणांसाठी घेतले जाते. मात्र मानसिक आरोग्यसेवेत देशाला दिशा देणारी बंगळूरची ‘निमहान्स’ ही संस्थाही त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली, याचे स्मरण क्वचितच होते.

म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूर तालुक्यात कल्लहळ्ळी येथे २० ऑगस्ट १९१५ रोजी अर्स यांचा जन्म झाला. म्हैसूरच्या राजघराण्याशी नाते सांगणारा त्यांचा अरसू समाज संख्येने अत्यल्प होता. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमधून विज्ञानाची पदवी घेतल्यावर नोकरीच्या मागे न लागता त्यांनी गावी येऊन शेती पत्करली. १९४१ मध्ये ते संस्थानच्या प्रजाप्रतिनिधी सभेवर निवडून गेले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हुणसूरच्या मतदारांनी त्यांना विधानसभेत पाठविले. २० मार्च १९७२ रोजी ते मुख्यमंत्री झाले. लिंगायत आणि वक्कलिग या प्रबळ समाजांबाहेरील नेत्याकडे ही सूत्रे जाणे, ही त्या काळी मोठी घटना होती.

बंगळूरमध्ये त्या वेळी दोन संस्था एकमेकींच्या आधाराने काम करीत होत्या. मनोरुग्णालय राज्य सरकारचे होते, तर १९५४ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था केंद्राची होती. रुग्णसेवा एकाकडे, तर शिक्षण व संशोधन दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी होती. २७ डिसेंबर १९७४ रोजी दोन्हींचे विलीनीकरण होऊन ‘निमहान्स’ ही स्वायत्त संस्था अस्तित्वात आली. याचे श्रेय एकट्या अर्स यांचे नाही. तो केंद्र आणि राज्य यांचा संयुक्त निर्णय होता.

१९७५ पासून या संस्थेने बंगळूरजवळील सकलवार येथे ग्रामीण भागासाठी काम सुरू केले. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिल्यास अनेक मनोविकारांवर गावातच उपचार होऊ शकतात, हे त्यातून दिसून आले. पुढे बळ्ळारी जिल्ह्यात हाच प्रयोग विस्ताराने झाला आणि १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा तो पाया ठरला.

कर्ज, बेघरपणा, अपमान आणि वार्धक्यातील निराधारपण यांचा मनावर खोल परिणाम होतो, हे आता सर्वमान्य आहे. अर्स सरकारचे निर्णय या दृष्टीनेही पाहण्याजोगे आहेत. मागास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे, बेरोजगार पदवीधरांसाठी विद्यावेतन, वृद्धांसाठी निवृत्तिवेतन, गरिबांसाठी घरे आणि कर्जमुक्तीचा कायदा अशा योजनांनी आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरील माणसांना हात दिला. १ मार्च १९७४ पासून लागू झालेल्या जमीन सुधारणा कायद्यात तालुकावार लवाद नेमण्यात आले. तेथे सुरुवातीला वकिलांना मज्जाव होता; त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून राहिलेल्या कुळाला मालकासमोर स्वतःच्या तोंडाने आपली बाजू मांडता आली. एल. जी. हावनूर आयोगाच्या शिफारशींमुळे मागास समाजांना शिक्षण व नोकऱ्यांची दारे खुली झाली. या योजना आरोग्य खात्याच्या नव्हत्या. तरीही उद्याची चिंता हलकी करणे, हा मनःस्वास्थ्याचा पहिला उपचार असतो.

अर्स यांच्या कारकिर्दीवर टीकाही झाली. भ्रष्टाचाराच्या आरोपांच्या चौकशीसाठी १९७७ मध्ये केंद्राने ग्रोव्हर आयोग नेमला. १९७९ मध्ये इंदिरा गांधी यांच्याशी त्यांची फारकत झाली, तर जानेवारी १९८० मध्ये मुख्यमंत्रिपदही गेले. ६ जून १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी देशाने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला.

२०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा नागरिकांचा हक्क ठरविला आहे. तो हक्क खेड्यातील शेवटच्या घरापर्यंत न्यायचा, तर दवाखान्याच्या जोडीला जमीन, निवारा आणि सन्मान यांचाही विचार करावा लागेल. हुणसूरच्या या नेत्याच्या चरित्रातून मिळणारा हा धडा आजही लागू आहे.