आजचं चिंतन : देहूचा महाजन आणि पतंजलींची दोन सूत्रं



आज योगसूत्रांच्या साधनपादातली दोन सूत्रं घेऊ, ३७ वं आणि ३९ वं. दोन्ही यमांबद्दलची आहेत. पहिल्याचा अर्थ असा, की ज्याच्यात अस्तेय म्हणजे चोरी न करणं पक्कं मुरलं, त्याच्यापुढे सगळी रत्नं आपणहून येऊन उभी राहतात. दुसऱ्याचा अर्थ असा, की ज्याचा अपरिग्रह म्हणजे साठवून न ठेवणं स्थिर झालं, त्याला आपला जन्म कसा आणि कशासाठी हे उमगतं.

पहिलं सूत्र हल्ली रील्सवर बरंच फिरतं. चांगलं वागा, पैसा आपोआप येईल, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपल्यालाही तो आवडतो, कारण आपल्याला तशीच सवय आहे. महिन्याला एसआयपी भरायची आणि काही वर्षांनी फळ बघायचं. मग सत्कर्म म्हणजे पुण्याची एसआयपी, आणि समृद्धी म्हणजे तिचा परतावा. पण मग सरळ वागणाऱ्या माणसाच्या घरी अडचणी आल्या की आपण गोंधळतो. सूत्र खोटं, की त्याचं काही चुकलं?

याचं उत्तर भाष्यांत शोधण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्यात शोधू. आषाढात आमच्या पिंपळीवरून त्यांची पालखी जाते. बारामतीचा मुक्काम उठला की पिंपळी, लिमटेक करत ती काटेवाडीला पोहोचते, तिथे मेंढ्यांचं रिंगण होतं, आणि पुढे सणसरचा रस्ता धरते. ही पालखी तुकोबारायांची. तुकोबा काही पतंजलींच्या शाळेतले योगी नव्हते, ते वारकरी. पण या दोन सूत्रांचा अर्थ त्यांच्या आयुष्यात जितका उघडा दिसतो, तितका मला तरी दुसरीकडे कुठे दिसला नाही. कारण तुकोबा जन्माने आणि धंद्याने पैशाच्या जगातले होते.

पेढीवरचा मुलगा

तुकोबांचा जन्म देहूचा. साल साधारणपणे १६०८ मानलं जातं. जात कुणबी, व्यवसाय वाण्याचा. घरात गावची महाजनकी, शेती, दुकान, सावकारी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पंढरीची वारी. पूर्वज विश्वंभरबाबांपासून विठ्ठलाचं देऊळही घरचंच. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले भाऊ सावजी विरक्त वृत्तीचे, त्यांनी व्यवहारात लक्ष घातलं नाही. म्हणून मधल्या तुकोबांवर कोवळ्या वयातच पेढीचा भार आला, आणि त्यांनी तो नीट उचलला. हिशेब, वसुली, माल आणणं-विकणं, सगळं त्यांना येत होतं. तुकोबांना व्यवहार कळत नव्हता, ही आपली लाडकी समजूत आहे, पण ती खरी नाही. व्यवहार न कळणाऱ्याने पैसा सोडला तर त्यात त्याग कसला?

पहिल्या पत्नी रखुमाबाई. त्यांना दम्याचा त्रास होता, म्हणून दुसरं लग्न झालं. ही पत्नी पुण्याच्या गुळवे सावकारांची लेक जिजाई, जिला आपण आवली म्हणून ओळखतो. म्हणजे घरी सावकारी आणि सासरेही सावकार. आजच्या भाषेत सांगायचं तर अगदी सेटल्ड माणूस.

मग एकामागोमाग एक पडझड सुरू झाली. आई-वडील गेले. भावजय गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. आणि १६३० च्या सुमारास दख्खनवर तो भयंकर दुष्काळ आला. पाऊस नाही, धान्य नाही, गुरं मेली, गावं ओस पडली. तुकोबांचं वय तेव्हा जेमतेम बावीस. दुकान बसलं, दिवाळं निघालं, गावात अब्रू गेली. रखुमाबाई अन्नावाचून गेल्या. थोरला मुलगा संतूही गेला. महाजनाच्या घरात भुकेने माणूस मरतं, म्हणजे गावात काय चाललं असेल!

कर्जखतं

आता आपल्या सूत्राचा प्रसंग येतो. दुष्काळ ओसरला तेव्हा तुकोबांच्या हातात फार काही उरलं नव्हतं. पण कागद उरले होते. गावातल्या आणि आसपासच्या लोकांनी वडिलांच्या काळापासून घेतलेल्या कर्जांची खतं. बुडालेल्या माणसासाठी ही सगळ्यात मोठी आशा. वसुली केली असती तर पेढी पुन्हा उभी राहिली असती. आणि त्यात बेकायदा काहीच नव्हतं. पैसे खरोखर दिलेले होते, कागद खरे होते.

पण वसूल कुणाकडून करायचे? ज्यांची गुरं मेली, ज्यांच्या घरची माणसं गेली, त्यांच्याकडून. त्यांच्याकडे उरलं होतं काय? जमिनीचा तुकडा आणि अंगातली मेहनत. वसुली म्हणजे तेही ओढून आणणं. इथे अस्तेयाचा अर्थ एकदम खोल जातो. दुसऱ्याच्या खिशात हात न घालणं हा त्याचा पहिला पाठ. कागदावर आपलं असलेलं, पण घेतलं तर समोरचा उभाच राहणार नाही, असं न घेणं हा पुढचा. भाष्यकार व्यास तर अस्तेयात मनातली हावही नको म्हणतात.

तुकोबांनी ती खतं इंद्रायणीत बुडवली.

परंपरेने यातला एक बारकावा जपून ठेवलाय, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. धाकटे भाऊ कान्होबा हेही या घेण्याचे वाटेकरी होते. प्रपंच त्यांनाही होता. म्हणून तुकोबांनी आधी खतांची वाटणी केली. अर्धी खतं कान्होबांच्या हातात दिली आणि फक्त आपला वाटा नदीत सोडला. विचार करून बघा. भावाचा वाटाही बुडवला असता तर गावाने जास्तच जयजयकार केला असता. पण दुसऱ्याच्या हक्काचं दान करणं हीसुद्धा चोरीच. आपण अनेकदा घरच्यांचा वेळ, जोडीदाराचे पैसे, टीममधल्या कुणाचे कष्ट स्वतःच्या सत्कर्माच्या खात्यावर उधळतो. तुकोबांनी तसं केलं नाही.

आणि हो, त्यांनी कुठे बॅकअप ठेवला नाही. मनातही नाही. ज्यांची कर्जं सुटली त्यांच्याकडून नंतर कधी मान, मदत, साथ मागितल्याची एकही आठवण नाही. योगसूत्रांच्या चौथ्या पादात म्हटलंय, की इतरांची कर्मं पांढरी, काळी किंवा मिश्र असतात, योग्याचं कर्म मात्र पांढरंही नसतं आणि काळंही नसतं. म्हणजे पुण्याची नोंदसुद्धा तो ठेवत नाही. खतं बुडाली तेव्हा लोकांच्या देण्याबरोबर तुकोबांच्या पुण्याची वहीही बुडाली, असं मला वाटतं.

मग समृद्धी आली का?

थेट उत्तर द्यायचं तर, घरात पैसा आला नाही. महिपतींनी एक कथा सांगितली आहे. जिजाईंनी स्वतः जामीन राहून दोनशे रुपये कर्जाऊ मिळवले आणि नवऱ्याला धंद्याला लावलं. तुकोबांनी मीठ विकलं, पन्नास रुपये नफाही कमावला. परत येताना कर्जापायी छळला जाणारा एक माणूस भेटला आणि सगळी रक्कम त्याच्या सुटकेसाठी गेली. उसाची कथा तर आपल्या ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. मोळी घेऊन निघालेले तुकोबा वाटेत मुलांना ऊस वाटत आले, घरी एकच कांडं पोहोचलं.

या कथा ऐकताना आपण जिजाईंना हसतो. कृपा करून हसू नका. चूल तिला पेटवायची होती, लेकरांच्या ताटात तिला वाढायचं होतं. तुकोबा भंडारा डोंगरावर नामात बुडालेले असत तेव्हा भाकरी घेऊन डोंगर चढणारी तीच होती. नवऱ्याच्या अपरिग्रहाची किंमत तिने रोज मोजली. ती रागावली, भांडली, पण सोडून गेली नाही. कथेत तिच्या बोलण्याला धार आहे, पण त्या धारेखाली एक खरा प्रश्न आहे: त्याग एकाचा आणि उपास सगळ्यांचा का? तुकोबांचं चरित्र हा प्रश्न लपवत नाही, म्हणून ते खरं वाटतं. आपणही तो लपवू नये.

याच काळात तुकोबांनी पडझड झालेलं घरचं विठ्ठल मंदिर स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं. भंडारा, भामचंद्र, घोराडेश्वर या डोंगरांवर एकांत धरला. ज्ञानेश्वरी, नाथभागवत वाचलं, पाठ केलं. माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन रामकृष्णहरी हा मंत्र दिला. पतंजलींचा क्रियायोग तीन गोष्टींचा आहे, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. तिन्ही इथे आहेत, फक्त वारकरी वेशात. आणि मग अभंग सुरू झाले.

दुसऱ्यांदा इंद्रायणी

अभंगांना विरोधही झाला. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी शूद्राला हा अधिकार नाही असं ठरवलं आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. तुकोबांनी त्या बुडवल्या आणि नदीकाठी अन्नपाणी सोडून बसले. परंपरा सांगते, तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या. पुढे रामेश्वर भट स्वतःच त्यांचे शिष्य झाले.

एकाच नदीत एकाच माणसाने दोनदा कागद सोडले. कर्जखतं स्वतःहून सोडली, ती कधी वर आली नाहीत आणि त्यांची कुणी वाटही बघितली नाही. अभंग मात्र तरले. चमत्कार मानायचा की लोकांच्या कंठातून अभंग परत आले असं समजायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. पण रत्नं आपणहून येतात म्हणजे काय, ते मला इथे कळतं. अस्तेय पाळलं म्हणून सोन्याची नाणी दारात पडली नाहीत. जे दुसऱ्याचं होतं ते सुटलं, आणि जे खरोखर स्वतःचं होतं ते मिळालं. शब्द हेच आपलं धन असं तुकोबा मानायचे. ३९ व्या सूत्राचं फळही हेच: साठवणं थांबलं तेव्हा आपण कशासाठी जन्मलो हे त्यांना कळलं.

शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा त्यांनी परत केला, तो याच ओघात. ज्याला आपलं धन सापडलंय त्याला नाही म्हणायला जोर लावावा लागत नाही.

फाल्गुन वद्य द्वितीयेला, साल १६५० मानतात, तुकोबा वैकुंठाला गेले. त्यांच्या पश्चात जन्मलेल्या नारायणबाबांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून वारी सुरू केली. जिजाईचाच हा मुलगा. पुढे १८६९ आणि १८७३ मध्ये गाथेची सरकारी मदतीने छापलेली आवृत्ती आली, त्यासाठी मुंबई सरकारने २४,००० रुपये दिले होते. बुडालेल्या वह्यांसाठी सरकारी तिजोरी उघडली! पण आज गाथा घराघरात आहे ती पैशामुळे नाही.

आपल्यासाठी

मंडळी, नोकरी सोडून डोंगरावर जा असं आजचं चिंतन सांगत नाही. ईएमआय भरा, बचत करा, घरच्यांना उपाशी ठेवू नका. जिजाईचा प्रश्न विसरू नका. समृद्धीची इच्छा पाप नाही. फक्त सत्कर्माला तिचा हप्ता बनवू नका. हप्ता भरणारा माणूस सतत स्टेटमेंट बघत राहतो, आणि देवाशीही वसुलीचं बोलतो.

वारीत आमच्याकडे रस्त्याकडेला चहा, केळी, भाकरी-पिठलं वाटणारी माणसं असतात. घेणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. दिंडी पुढे जाते, भांडी घासली जातात, संपलं. कर्म करून मोकळं होणं म्हणजे याहून वेगळं काय?

आजचा अभ्यास छोटा आहे. आपल्या प्रत्येकाच्या मनात काही खतं जपलेली असतात. मी याच्यासाठी इतकं केलं, तिने मला परत काय दिलं, अशी. त्यातलं एक निवडा. ते पूर्ण आपल्या वाट्याचं आहे ना, कुणा कान्होबाचा हिस्सा त्यात नाही ना, हे नीट तपासा. मग रामकृष्णहरी म्हणून सोडून द्या. आणि ते वर येतंय का, हे बघत काठावर थांबू नका.

राम कृष्ण हरी.