एलियट जोस्लिन : लक्षणांआधीच मधुमेह शोधा, असा आग्रह धरणारा डॉक्टर

मधुमेह झाला की तहान वाढते, वजन घटते, वारंवार लघवीला जावे लागते, हे अनेकांना माहीत असते. पण यातले काहीही जाणवत नसतानाही रक्तातील साखर वाढलेली असू शकते. ही गोष्ट डॉक्टरांच्या आणि सामान्य लोकांच्या मनावर बिंबवण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत एलियट जोस्लिन यांचे नाव अग्रभागी आहे.

जोस्लिन यांचा जन्म 1869 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑक्सफर्ड या छोट्या गावात झाला. 1895 मध्ये हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी घेऊन काही वर्षांतच त्यांनी बोस्टनमध्ये व्यवसाय सुरू केला. मधुमेही रुग्णांची तपशीलवार नोंद ठेवायला त्यांनी विद्यार्थिदशेतच सुरुवात केली होती. पुढे या नोंदवह्यांत हजारो रुग्णांची माहिती जमा झाली. त्यात त्यांच्या स्वतःच्या आईचीही नोंद होती. इन्सुलिन नसलेल्या त्या काळात काटेकोर आहाराच्या बळावर ती निदानानंतर दहाहून अधिक वर्षे जगली.

1921 मध्ये त्यांनी मधुमेहाच्या प्रतिबंधावर एक लेख लिहिला. एका शांत गावात शेजारी शेजारी असलेल्या तीन घरांची हकीकत त्यात होती. त्या घरांत एकामागून एक राहून गेलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी सहा जण मधुमेहाने दगावले होते. हेच मृत्यू एखाद्या साथीच्या रोगाने झाले असते, तर आरोग्य खाते खडबडून जागे झाले असते. मधुमेहाच्या बाबतीत मात्र कुणी लक्षही दिले नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1922 मध्ये, त्यांनी आपल्या रुग्णाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले.

त्या काळी मधुमेहाचे निदान मुख्यतः लघवीतील साखरेवरून होई. यात एक अडचण होती. रक्तातील साखर साधारण 180 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली, की मगच मूत्रपिंडे ती लघवीत सोडू लागतात. त्यामुळे सुरुवातीची वाढ या तपासणीत निसटते. 1920 च्या आसपास थोड्या रक्तावर करता येणाऱ्या चाचण्या आल्या आणि हा आजार लवकर पकडणे शक्य झाले.

याची मोठी प्रचिती जोस्लिन यांच्याच जन्मगावी आली. 1946-47 मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य सेवेने ऑक्सफर्डमधील 3,516 लोकांचे रक्त आणि लघवी तपासली. गावाची लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास होती. तपासणीत 70 मधुमेही आढळले. त्यांपैकी 40 जणांना आजार आधीपासून माहीत होता. उरलेल्या 30 जणांना त्याची कल्पनाच नव्हती. म्हणजे माहीत असलेल्या दर चार रुग्णांमागे तीन रुग्ण अंधारात होते.

निदान झाल्यावर साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली पाहिजे, असा जोस्लिन यांचा आग्रह होता. आहार, व्यायाम आणि इन्सुलिन यांना ते एकाच रथाचे तीन घोडे मानत. रुग्णाने स्वतःचा आजार समजून घ्यावा म्हणून त्यांनी 1918 मध्ये खास पुस्तिका लिहिली आणि शिकवण्यासाठी परिचारिका तयार केल्या. इतक्या कडक नियंत्रणाची गरज नाही, असे त्या काळातील अनेक डॉक्टरांचे मत होते. हा वाद त्यांच्या हयातीत मिटला नाही. 1962 मध्ये, वयाच्या 92 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. साखर आटोक्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि नसांचे नुकसान बरेच टळते, हे अमेरिका व कॅनडातील एका मोठ्या अभ्यासाने 1993 मध्ये सिद्ध केले.

आज उपाशीपोटी रक्तातील साखर 100 ते 125 मिलिग्रॅम असेल, तर अनेक ठिकाणी ती मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते. 126 किंवा त्याहून अधिक असेल आणि लक्षणे नसतील, तर पुन्हा तपासणी करून निदान पक्के केले जाते. मधुमेहपूर्व अवस्थेत वजन, आहार आणि व्यायाम यांकडे लक्ष दिल्यास मधुमेह लांबवता, कित्येकदा टाळताही येतो. घरात कुणाला मधुमेह असेल किंवा वजन जास्त असेल, तर काही त्रास होण्याची वाट न पाहता डॉक्टरांच्या सल्ल्याने ही साधी तपासणी करून घ्यावी. ऑक्सफर्डमधल्या त्या 30 जणांनाही तपासणीपूर्वी आपण ठणठणीत आहोत असेच वाटत असणार.